फीट. की स्वल्पविराम? हाऊसमधल्या पाहुण्या रॅपरची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखाण. बोलण्यातले 'बघा', 'काय म्हणतोय' थोडे कमी केलेत, सगळे काढले नाहीत.)

कळंब्यातून बोलतोय. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या. ही खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे आणि आईनं रेकॉर्डिंगसाठी स्वयंपाक थांबवायला साफ नकार दिलाय.

गेल्या भागानंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "दादा, तुम्ही एवढ्या गाण्यांत आहे म्हणताय, पण तुमचं नाव टाकून शोधलं की एकच गाणं येतंय." बरोबर येतंय. माझं स्वतःचं गाणं एकच आहे. बाकीच्या २३ गाण्यांत मी पाहुणा आहे. त्यातल्या ९ गाण्यांवर माझं नाव आहे, १४ वर न्हाई. तर आजचा भाग या पाहुण्यावर. हाऊस, टेक हाऊस, आपल्याकडचं डॉल्बी मिक्स, या नाचायच्या गाण्यांत मध्येच येऊन आठ-सोळा ओळी टाकून जाणारा जो रॅपर असतो, त्याच्या कामावर आणि त्याला काय मिळतं त्यावर.

आधी काम कसं असतं ते सांगतो. मी दिवसा गोकुळ शिरगावात फौंड्रीला असतो. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फाईल येते, खाली एक ओळ: "१२६ आहे, १६ बार टाक, रात्री दे." १२६ म्हणजे बीपीएम, मिनिटाला १२६ ठोके. हाऊस साधारण १२० ते १३० मध्ये चालतं. हिपहॉपचा बराचसा कारभार ९० च्या आसपास. आता हिशेब करा. एक बार म्हणजे चार ठोके. ९० ला एक बार २.६७ सेकंदांचा, १६ बारला जवळजवळ ४३ सेकंद मिळतात. १२६ ला एक बार १.९ सेकंदांचा, १६ बार साडेतीस सेकंदांत खलास. ओळी तेवढ्याच, पण बारा सेकंद कमी. श्वास कुठं घ्यायचा? नवीन पोरं इथंच अडकतात. हिपहॉपसाठी लिहिलेली वही उघडतात, तीच ओळ दामटून पळवतात आणि दहाव्या बारला धाप लागते. माझा उपाय साधा आहे. ओळीत शब्द कमी ठेवायचे आणि दर चौथ्या बारचा शेवटचा ठोका रिकामा सोडायचा. तिथं श्वास पण होतो आणि लोकांना ओरडायला जागा पण मिळते.

दुसरी गोष्ट. हिपहॉपमध्ये बीट रॅपरसाठी थांबतो, वाकतो, कधी गप्प होतो. हाऊसमध्ये कोण कुणासाठी थांबत न्हाई. किक सारखी पडत राहते, चारही ठोक्यांवर. गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी डीजेला नुसता ठोका हवा असतो, एक गाणं दुसऱ्यात मिसळायला. मधे बेस येतो, मग सगळं काढून घेऊन हवा तयार करतात, मग ड्रॉप. आपल्याला जागा मिळते ती बहुतेक ड्रॉपच्या आधी. ड्रॉप पडला की लोकांना अर्थ नको असतो. फार तर चार शब्दांची एक ओळ, पुन्हा पुन्हा. पाहुण्या रॅपरचं खरं काम ती चार शब्दांची ओळ शोधणं हे आहे. सोळा बार म्हणजे त्या ओळीपर्यंत जायचा रस्ता.

आणि डॉल्बीवर तर वेगळाच खेळ. समोर बेसच्या पेट्यांची भिंत, छाती हादरतेय, त्यात शब्द ऐकू कसे यायचे? शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. क, ट, त, च यांचा आवाज वरच्या पट्टीत असतो, तो बेसच्या वर तरंगतो. स्वर सगळे खाली बुडतात. इथं मराठी आपल्याला साथ देते. लिहिताना आपण 'नाद', 'वाट', 'डाव' असं लिहितो, पण बोलताना शेवटचा 'अ' गाळतो, शब्द व्यंजनावर आपटून बंद होतो. ठोक्यावर बसवायला एकदम फिट. शिवाय आपल्याकडं धडाधड, खणाखण, लखलख असले शब्द ढिगानं आहेत. त्यांचा अर्थ मराठी न येणाऱ्यालाही अर्धा कळतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मिळतं काय? सुरुवातीला मिसळ आणि चहा. मग ५०० रुपये. आता एका गाण्याला २,००० पर्यंत. एका वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर माझी ओळ वाजली. माझी म्हणजे मी लिहिलेली, मी बोललेली, माझ्या याच खोलीत गादी भिंतीला लावून रेकॉर्ड केलेली. हजारो माणसं ती ओळ ओरडत होती. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्या मिक्समध्ये डीजेचा टॅग, ते खर्जातल्या आवाजातलं "डीजे अमुक", नऊ वेळा होतं. मी उभ्या-उभ्या मोजलं. माझं नाव शून्य वेळा. शेजारी नाचणाऱ्या पोराला विचारलं, कुणाचं रे गाणं? त्यानं डीजेचं नाव सांगितलं. त्याची काय चूक? त्याला नऊ वेळा तेच सांगितलं होतं की.

हे फक्त कोल्हापुरात होतं असं वाटत असेल, तर आता जरा लांब जाऊ. हाऊस म्युझिक शिकागोचं. तिथं 'वेअरहाऊस' नावाचा क्लब १९७७ मध्ये सुरू झाला, फ्रँकी नकल्स तिथला डीजे, आणि त्या क्लबच्या नावावरून हाऊस हे नाव पडलं असं सगळे मानतात. या संगीतात रॅप आलं ते १९८७-८८ च्या सुमारास. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या जंगल ब्रदर्सनी टॉड टेरीच्या हाऊस ट्रॅकवर रॅप केलं. त्याच वर्षी शिकागोचा टायरी कूपर, त्याच्या गाण्यात कूल रॉक स्टेडी पाहुणा. फास्ट एडी पण त्याच काळातला. या मिश्रणाला नाव पडलं हिप-हाऊस. पाहुणा रॅपर ही जात तिथून सुरू झाली म्हणा.

मग १९८९. बेल्जियमचा निर्माता यो बोगार्ट, ग्रुपचं नाव टेक्नोट्रॉनिक, गाणं 'पंप अप द जॅम'. तुम्ही नाव ऐकलं नसलं तरी ट्यून नक्की ऐकलीय. अमेरिका आणि इंग्लंड, दोन्हीकडच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात रॅप करणारी मुलगी या किड के. मूळ किन्शासाची, आफ्रिकेतल्या काँगोची. पण रेकॉर्डच्या कव्हरवर कोण? फेली नावाची एक मॉडेल. व्हिडिओत ओठ हलवणारी पण तीच. आणि रेकॉर्डवर छापलेलं पण 'फीचरिंग फेली'. म्हणजे बघा, माझं निदान नाव नव्हतं, इथं दुसरीचं नाव होतं. जगभरात लोक नाचतायत तुझ्या आवाजावर आणि टीव्हीवर दिसतेय भलतीच. पुढच्या 'गेट अप'च्या वेळी मात्र या किड के चं नाव आलं, चेहरापण आला. ती तिथं पोचली, कारण तिचा आवाज दुसऱ्या कुणाला काढता येण्यासारखा नव्हता. मॉडेल बदलता येते. तो आवाज कुठून आणणार?

चिल रॉब जीचं प्रकरण याहून वाईट. हा अमेरिकन रॅपर. त्याच्या एका गाण्याचा नुसता आवाज, म्हणजे बीटशिवायचा, बाहेर आलेला होता. फ्रँकफर्टच्या दोन निर्मात्यांनी, मायकेल म्युन्झिंग आणि लुका अँझिलोटी, तो उचलला आणि 'द पॉवर' नावाच्या ट्रॅकवर बसवला. ग्रुपचं नाव स्नॅप. गाणं पेटायला लागलं तसा हक्कांचा प्रश्न आला, मग त्यांनी टर्बो बी नावाच्या दुसऱ्या रॅपरकडून ते पुन्हा करून घेतलं. १९९० मध्ये इंग्लंडात पहिला क्रमांक. टर्बो बी अमेरिकन सैन्यात होता, त्यातून जर्मनीत आलेला. स्नॅपचं तोंड तोच झाला. १९९२ चं 'रिदम इज अ डान्सर' आलं त्यातही तोच. चिल रॉब जीची आवृत्ती अमेरिकेत वेगळी निघाली, पण जग ज्याला ओळखतं ते टर्बो बीचं. पहिल्यांदा ज्याचा आवाज त्या ठोक्यावर बसला, तो आज प्रश्नमंजूषेतल्या अवघड प्रश्नाचं उत्तर आहे.

याच १९९० चं आणखी एक. सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचं 'गॉना मेक यू स्वेट'. त्यात रॅप फ्रीडम विल्यम्सचं, आणि गंमत म्हणजे या वेळी रॅपर सुटला. नाव त्याचं, चेहरा त्याचा, आवाज त्याचा. फसली ती गायिका, मार्था वॉश. तो दणदणीत आवाज तिचा, व्हिडिओत ओठ हलवणारी दुसरी. वॉश कोर्टात गेली, तडजोड झाली, आणि तिच्या अशा लढायांमुळं अमेरिकेत गायकांचं नाव छापायची सक्ती झाली असं बऱ्याचदा सांगितलं जातं. फ्रीडम विल्यम्स पुढं स्वतंत्र झाला, त्याचा स्वतःचा अल्बम तेवढा चालला नाही, पण त्या ग्रुपच्या नावाचा ट्रेडमार्क त्याच्याकडं आला आणि त्या नावानं तो कार्यक्रम करत राहिला. पाहुण्यानं घरच नावावर करून घेतलं. असं फार कमी वेळा होतं, म्हणून सांगितलं.

नंतर २००९ ते २०१२ च्या लाटेत चित्र उलटं झालं. डेव्हिड गेटाच्या गाण्यांत एकॉन, निकी मिनाज, फ्लो रायडा. तिथं पाहुण्याच्या नावावर गाणं विकलं जात होतं. पण ते आधीच मोठे होते. त्यांचं आपल्याला काही लागू पडत न्हाई, पुढं चला.

आपल्याकडं या. २०१५ मध्ये न्यूक्लियाचा 'बास रानी' अल्बम आला. मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवरून वाजवून त्यानं तो बाहेर आणला, म्हणजे डॉल्बीवाल्यांची पद्धत क्लबवाल्यांनी उचलली. त्यात 'जंगल राजा' नावाचा ट्रॅक, पाहुणा डिव्हाइन. नंतर 'मुक्काबाज' चित्रपटातल्या 'पैंतरा'साठी दोघं पुन्हा एकत्र आले. आता डिव्हाइनला या पाहुणचाराचा फायदा का झाला? कारण त्याच २०१५ मध्ये नेझीबरोबरचं 'मेरे गली में' आलेलं होतं. लोक न्यूक्लियाच्या गाण्यातून त्याचं नाव शोधत गेले तर तिथं घर होतं, दार उघडं होतं. पाहुणा म्हणून गाजलास आणि मागं स्वतःचं घरच नसेल, तर शोधत आलेला माणूस रस्त्यावरूनच परत जातो. माझ्याकडं बघा, एकच गाणं.

आणि आता ज्यासाठी हा सगळा घाट घातला ते गाणं. 'तांबडी चामडी'. २०२४. निर्माता क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे. रॅप श्रेयसचं, म्हणजे श्रेयस सागवेकर. क्रेटेक्स हाऊसमध्ये मराठी आणतो आणि त्याला एम-हाऊस म्हणतो. हे गाणं स्पिनिन रेकॉर्ड्सवर आलं. स्पिनिन म्हणजे नेदरलँड्सची कंपनी, १९९९ ची, मार्टिन गॅरिक्सचं 'अॅनिमल्स' २०१३ मध्ये त्यांच्याकडूनच आलेलं, २०१७ मध्ये वॉर्नरनं ती विकत घेतली. क्लबमध्ये नाचणाऱ्या जगासाठी हे मोठं लेबल. त्यांच्याकडून निघालेलं हे पहिलं मराठी गाणं. आपल्या उन्हात रापलेल्या कातडीचा रंग, ज्याच्यासाठी लग्नाच्या जाहिरातीत माणसं शब्द शोधत बसतात, तोच रंग छाती पुढं काढून सांगणारं गाणं. आणि मघाशी मी म्हणालो ते शब्दांचं काम त्यात अगदी दिसतं. शब्द थोडे, व्यंजनं कडक, आवाजाचे शब्द. ज्याला एक अक्षर मराठी येत नाही तोही ओळीबरोबर तोंड हलवतो.

पण मला त्या गाण्यात सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? नावाची पाटी. तिथं 'क्रेटेक्स फीट. श्रेयस' असं लिहिलेलं नाही. 'क्रेटेक्स, श्रेयस' असं आहे. मधे स्वल्पविराम. हसू नका. यात फार मोठा फरक आहे.

गाणं ॲपवर चढवताना वितरकाच्या फॉर्ममध्ये कलाकाराच्या नावापुढं निवडायचं असतं, हा मुख्य कलाकार की फीचर्ड कलाकार. भरणारा बहुतेक निर्माता, रात्री दोन वाजता, झोपेत. त्यानं तुम्हाला 'फीचर्ड' केलं तर गाणं त्याच्या पानावर त्याचं गाणं म्हणून लागतं आणि तुमच्या पानावर खाली कुठंतरी, 'यांच्या गाण्यांत दिसले' अशा कप्प्यात जाऊन पडतं. मुख्य कलाकार केलं तर तेच गाणं दोघांच्याही पानावर आपलं म्हणून लागतं. लोक गाणं ऐकून तुमच्या नावावर बोट ठेवतात तेव्हा पहिल्यांदा काय दिसतं, ते या एका खुणेवर ठरतं. फीट. म्हणजे तू आलास, जेवलास, गेलास. स्वल्पविराम म्हणजे दोघांनी मिळून चूल मांडली.

हे काही नवीन नाही बरं का. आपल्याकडं पेशवाईत होतं. होनाजी शिलारखाने लावण्या रचायचा आणि त्याचा जोडीदार बाळा करंजकर त्या गायचा. लोकांनी काय केलं? 'होनाजी बाळा' असं एकच नाव करून टाकलं, इतकं की अनेकांना तो एकच माणूस वाटतो. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९५१ मध्ये 'अमर भूपाळी' काढला तो याच होनाजी बाळावर. मधे फीट. न्हाई, 'आणि' पण न्हाई. लिहिणारा आणि गाणारा सारखे.

आणि जुन्या लोकांना नाव हरवायची भीती आपल्यापेक्षा जास्त कळत होती. तुकोबांच्या अभंगात शेवटी नाव येतं, शाहिरांच्या रचनेत शेवटच्या कडव्यात नाव येतं. नाममुद्रा म्हणतात तिला. छापखाना नव्हता, ॲप नव्हतं, कुणीही उचलून आपल्या नावावर गायलं असतं. म्हणून नाव ओळीतच विणून टाकलं, यमकात अडकवून. काढायला गेलं तर ओळ मोडते. कोल्हापूर शाहिरांचं गाव, शाहीर पिराजीराव सरनाईक इथलेच, आणि तरी आम्ही पोरं हे विसरलो होतो. आता मी दर रॅपमध्ये माझं नाव टाकतो, पण पहिल्या बारला न्हाई. पहिला बार डीजे कापतो. त्या चार शब्दांच्या ओळीच्या लगतच, यमकाच्या जागी टाकतो. कापून दाखव म्हणावं.

आता कायद्याचं थोडं. कंटाळवाणं आहे, पण ऐका, पैसा इथंच आहे.

रॅपर एका वेळी दोन माणसं असतो. शब्द लिहिले म्हणून लेखक, आणि बोलला म्हणून सादर करणारा. कायद्यात दोघांचे हक्क वेगळे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी यासाठी बरीच ताकद लावली. त्या दुरुस्तीनं असं झालं की गीतकारानं आणि संगीतकारानं बाकी हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा लिहून देता येत नाही. फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे कागदावर 'सर्व हक्क कायमचे' असं लिहिलेलं असलं तरी तो वाटा तुमचाच. गीतकार आणि संगीतकारांसाठीची सोसायटी म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, आयपीआरएस, १९६९ पासूनची. रॅपर तिथं लेखक म्हणून सभासद होऊ शकतो. किती रॅपर स्वतःला लेखक समजतात? आमच्या ग्रुपमध्ये विचारलं तर एकानं उत्तर दिलं, "लेखक म्हणजे शाळेच्या पुस्तकातला." अरे बाबा, तू पण.

आणखी दोन-तीन गोष्टी त्याच कायद्यातल्या. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. टपरीवर चहा पिताना "चालतंय की" म्हणालात म्हणून हक्क गेले असं होत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कुठं वापरायचं ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि लेखक म्हणून आपलं नाव सांगायचा हक्क, तो तर बाकी सगळे हक्क विकले तरी तुमच्याकडं राहतो. सादर करणाऱ्यालाही आपली ओळख दाखवायचा हक्क २०१२ पासून आहे.

मात्र एक गोष्ट सरळ सांगतो. हे सगळं लागू पडतं ते मूळ, नव्या गाण्याला. डॉल्बी मिक्समध्ये खाली वाजणारं गाणंच बहुतेक वेळा तिसऱ्याचं असतं, चित्रपटातलं किंवा जुनं कोळीगीत. तो मिक्स रीतसर कुठं चढवताच येत नाही, मग रॉयल्टी कुठून येणार? माझी ती १४ गाणी जवळजवळ सगळी याच प्रकारातली. गाजायला ती उत्तम. हात बसतो, बेसवर शब्द कसा टिकतो ते मिरवणुकीत उभं राहून कळतं, ते कुठल्याच स्टुडिओत कळत नाही. पण त्यावर आयुष्य काढायचं म्हणाल तर त्याला बूड न्हाई.

आता माझ्यापुढं एक कागद आलाय. मूळ गाणं आहे, १२४ बीपीएम, खाली हलगी. खरी हलगी, सॅम्पल न्हाई, तालमीत वाजते तशी. निर्मात्यानं दोन पर्याय दिलेत. एक, आत्ता १५,००० रुपये, नाव फीट. म्हणून, नंतर काही मागायचं न्हाई. दुसरा, आत्ता ३,०००, नाव स्वल्पविरामानं, लेखक म्हणून नोंद, वाटा निम्मा-निम्मा. शुक्रवारी सही.

घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "१५,००० घे आणि गाडीचे हप्ते भर." ते चुकीचं बोलत नाहीत. १५,००० म्हणजे माझ्या जवळजवळ आठ गाण्यांची कमाई, आणि गाणं चालेल का न्हाई ते कुणाच्याच हातात नाही. चाललं न्हाई तर निम्म्याचा निम्मा पण शून्यच. आणि पहिल्या पर्यायातलं 'नंतर काही मागायचं न्हाई' हे रॉयल्टीच्या वाट्याला कायद्यानं लागू पडत न्हाई, हे मी निर्मात्याला सांगितलं. तो म्हणाला, "असं असतंय होय?" त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचा कागद पण कुणाचातरी कॉपी-पेस्ट होता.

मी एक तिसरीच गोष्ट मागितलीय. कार्यक्रमाची. कारण हाऊसमध्ये पाहुण्याचं खरं नुकसान कुठं होतं माहितीये? स्टेजवर. बँडला गायक न्यावाच लागतो. डीजेला न्यावा लागत न्हाई. माझा आवाज पेनड्राइव्हमध्ये जातो, पुण्याला वाजतो, गोव्याला वाजतो, आणि मी इथं तलावाच्या बांधावर फिरत असतो. डीजेला त्या रात्रीचे पैसे मिळतात, माझ्या ओळीवर लोक हात वर करतात, आणि मला दुसऱ्या दिवशी कुणाच्यातरी स्टोरीत कळतं. म्हणून मी लिहून मागितलंय की वर्षातले निदान चार कार्यक्रम दोघांचे असतील, आणि त्यात मला वेगळं मानधन. ते मिळालं तर मी ३,००० वाला कागद घेणार. तो म्हणालाय विचार करून सांगतो. दोन म्हणाला तर? दोनवर पण घेईन मी, हे त्याला सांगू नका. तो हा पॉडकास्ट ऐकत नाही असं धरून चालतोय.

तुमच्यापैकी कुणी पाहुणा म्हणून रॅप करत असेल तर आज रात्री एवढं करा. तुमचा आवाज असलेल्या गाण्यांची यादी काढा. ॲपवर प्रत्येक गाण्याचे क्रेडिट्स उघडा, लेखकाच्या जागी कुणाचं नाव आहे बघा. चुकीचं असेल तर आधी निर्मात्याला नीट बोलून सांगा, फॉर्ममध्ये दुरुस्ती होते. भांडण नंतर. स्वतःच्या ओळींचं पहिलं रेकॉर्डिंग, मोबाईलवरचं असलं तरी, तारखेसकट जपून ठेवा. आणि कुणी कागद पुढं केला तर तो घरी घेऊन या, वकिलाला दाखवा. जिल्हा कोर्टात एकतरी ओळखीचा निघतोच, कोल्हापूर आहे हे.

पुढच्या भागात हलगीवाल्या काकांना बोलावलंय. १२४ बीपीएमच्या क्लिकवर वाजवताना त्यांनी निर्मात्याला जे ऐकवलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. येताना हलगी आणणार आहेत, तेव्हा हेडफोनचा आवाज आधीच कमी करून ठेवा.